फाटा कधी फुटला?

रिसेक्शन आपल्या सगळ्यांच्या हाताखालून गेलेले आहे. नकाशा हातात आहे, पण आपण नेमके कुठे उभे आहोत ते ठाऊक नाही. समोर टेकडीवरचे देऊळ दिसते, उजवीकडे पाण्याची टाकी दिसते, लांबवर रेल्वेचा पूल दिसतो. या तिन्ही खुणा नकाशावर शोधायच्या, कंपासने प्रत्येकीचे बेअरिंग घ्यायचे, बॅक बेअरिंग काढायचे आणि त्या त्या खुणेपासून आपल्या दिशेने रेषा ओढायची. तीन रेषा जिथे मिळतील तिथे आपण उभे.

प्रत्यक्षात त्या रेषा एका बिंदूत सहसा मिळत नाहीत. मध्ये एक छोटा त्रिकोण उरतो. त्रिकोण लहान असेल तर उस्ताद मान डोलावतात. मोठा असेल तर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खूण नक्की ओळखली होती ना?" कारण पुष्कळदा चूक कंपासची नसतेच. जे देऊळ आपण समोर पाहिले, ते नकाशावरचे देऊळ नसते, एवढेच.

जीवशास्त्रात असाच एक प्रश्न आहे. फक्त तो जागेचा नाही, काळाचा आहे. एका पूर्वजापासून निघालेल्या दोन जीवजातींच्या वाटा कधी वेगळ्या झाल्या? पुस्तकात आपण सहज वाचून जातो की माणूस आणि चिंपांझी यांचा शेवटचा समान पूर्वज सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तिथे पाहायला कोणी नव्हते, कोणी नोंद ठेवली नाही. मग हा आकडा आला कुठून?

हा आकडा ठरताना एक मोठा वाद झाला. एका बाजूला आपल्याच हिमाचलमध्ये सापडलेला जबड्याचा तुकडा होता आणि दुसऱ्या बाजूला सशांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे. वाद मिटायला जवळजवळ पंधरा वर्षे लागली. त्या वादाची ही हकिगत.

मेस टिन कोणाचा?

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. माणूस चिंपांझीपासून झालेला नाही. चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. एक रस्ता होता, त्याला फाटा फुटला. एका वाटेने आजचे चिंपांझी झाले, दुसऱ्या वाटेने आपण. आपल्याला काळ शोधायचा आहे तो त्या फाट्याचा.

पूर्वी यासाठी एकच साधन होते, ते म्हणजे जीवाश्म. खडकात दगड होऊन राहिलेले हाड किंवा दात. हाडाच्या वरच्या किंवा खालच्या थरात ज्वालामुखीची राख असेल तर तिचे वय मोजता येते. राखेतील किरणोत्सारी पोटॅशियमचे ठरावीक गतीने अरगॉन वायूत रूपांतर होत राहते. किती अरगॉन साठला ते मोजले की थर किती जुना ते कळते.

पण जीवाश्माच्या साक्षीला दोन मर्यादा आहेत. समजा रात्रीच्या मार्चमध्ये रस्त्याला फाटा फुटला, 'ए' प्लॅटून डावीकडे गेली आणि 'बी' उजवीकडे. सकाळी डाव्या वाटेवर दोन किलोमीटरवर तुम्हाला एक मेस टिन पडलेला सापडला. त्यावरून एवढेच कळते की तो तिथे पडला त्याआधी 'ए' प्लॅटूनने फाटा ओलांडला होता. किती आधी, ते मेस टिन सांगत नाही. जीवाश्माचेही तसेच आहे. फाटा 'निदान इतका जुना' आहे, एवढीच साक्ष तो देतो.

दुसरी मर्यादा अधिक अवघड आहे. तो मेस टिन 'ए' प्लॅटूनचाच आहे हे कशावरून? त्यावर नाव नसेल, अर्धा चेपलेला असेल, तर तुम्ही अंदाजच करणार. आणि अंदाज चुकला तर पुढचा सारा हिशेब चुकणार. आपल्या हकिगतीत नेमके हेच झाले.

शिवालिकमधला राम

जम्मू, पठाणकोट, चंडीगड, डेहराडून या भागात ज्यांच्या वडिलांची पोस्टिंग झाली आहे, त्यांनी शिवालिक टेकड्या पाहिल्या असतील. हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेली ही मातीची, वाळूची आणि गोट्यांची रांग. हिमालय उंच होत असताना नद्यांनी जो गाळ खाली आणून टाकला, तोच पुढे दाबला जाऊन आणि उचलला जाऊन या टेकड्या झाल्या. त्या गाळात प्राण्यांची हाडे गाडली गेली. प्राचीन हत्ती, जिराफ, पाणघोडे, कासवे असे सगळे इथे सापडते.

हे भांडार जगापुढे आणणाऱ्या दोघांपैकी एक सैनिकच होता. बंगाल आर्टिलरीचे अधिकारी प्रॉबी कॉटली यांचे नाव आपण गंगेच्या कालव्याचे बांधकाम करणारे म्हणून ऐकतो. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉक्टर ह्यू फॉल्कनर यांच्याबरोबर त्यांनी 1830 नंतरच्या दशकात शिवालिकमधून जीवाश्मांचा मोठा संग्रह जमवला. 1837 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना वोलॅस्टन पदक दिले.

पुढे शोध सुरू राहिला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील गाय पिलग्रिम यांनी 1910 मध्ये शिवालिकमधील एका जुन्या एपला 'शिवापिथेकस' असे नाव दिले. एप म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान, गिबन यांच्यासारखे बिनशेपटीचे वानर. पिथेकस हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ वानर. 1932 मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाचे तरुण संशोधक जी. एडवर्ड लुइस आजच्या हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात हरितल्यांगर गावाच्या परिसरात काम करत होते. त्यांना वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, त्यात काही दात शाबूत होते. शिवाच्या जोडीला राम आला. लुइस यांनी या प्राण्याचे नाव ठेवले 'रामापिथेकस'.

जवळजवळ तीस वर्षे तो तुकडा फारशा चर्चेत नव्हता. 1961 मध्ये येलचे एल्विन सायमन्स यांनी तो पुन्हा तपासला. एप प्राण्यांचे सुळे मोठे असतात आणि जबडा पुढे आलेला, दोन्ही बाजू जवळजवळ समांतर असतात. माणसाचा जबडा आखूड आणि कमानीसारखा गोल वळलेला असतो. सायमन्स यांना हरितल्यांगरच्या तुकड्यात आखूड चेहरा, लहान सुळा आणि कमानीसारखा जबडा दिसला. दातांवरचे कवच माणसाच्या दातांसारखे जाड होते. त्यांनी निष्कर्ष काढला की हा माणसाच्या वाटेवरचा पूर्वज आहे.

डेव्हिड पिलबीम हे तरुण शास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. केनियात फोर्ट टर्नन येथे लुई लीकी यांना सापडलेला तसाच एक जबडाही त्यांनी याच गटात धरला. फोर्ट टर्ननच्या ज्वालामुखी थराचे वय निघाले सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षे. हिशेब सरळ होता. 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी मानवी वाटेवरचा प्रवासी हजर असेल, तर फाटा त्याच्याही आधी फुटलेला असणार. दीड, दोन कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याहूनही आधी. रामापिथेकस दोन पायांवर चालत असावा, हत्यारे वापरत असावा, असेही लिहिले गेले. खरे तर त्याचे पायाचे एकही हाड कोणाजवळ नव्हते.

सशांनी दिलेली साक्ष

त्याच सुमारास काही रसायनशास्त्रज्ञ वेगळ्याच वाटेने याच प्रश्नाकडे येत होते.

आपल्या शरीरातील प्रथिने ही अमिनो आम्लांच्या माळा आहेत. पिढ्यानपिढ्या माळेतला एखादा मणी बदलत राहतो. 1962 मध्ये एमिल झुकरकांडल आणि लायनस पॉलिंग यांनी निरनिराळ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनची तुलना केली. दोन प्राण्यांच्या वाटा जितक्या पूर्वी वेगळ्या झाल्या, तितके त्यांच्या माळांतील फरक जास्त, असे त्यांना दिसले. मग फरक मोजून काळ का सांगता येऊ नये? या कल्पनेला पुढे 'रेण्वीय घड्याळ' असे नाव पडले. रेणू हेच घड्याळ आणि त्यात होणारा प्रत्येक बदल म्हणजे एक टिकटिक.

ही टिकटिक मनगटावरच्या घड्याळासारखी नेमकी नसते. एखादा बदल केव्हा होईल ते सांगता येत नाही. पण खूप काळ आणि खूप बदल धरले तर सरासरी वेग बराच स्थिर राहतो. याचे कारण जपानी शास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी 1968 मध्ये मांडले. रेणूंतील बहुसंख्य बदल प्राण्याला फायद्याचे नसतात आणि तोट्याचेही नसतात. निसर्ग त्यांची निवडही करत नाही आणि त्यांना हटवतही नाही. ते नुसते साचत जातात.

प्रत्येक प्रथिनाची गती मात्र निराळी असते. डीएनएला गुंडाळून ठेवणाऱ्या 'हिस्टोन एच-4' या प्रथिनात वाटाण्याचे रोप आणि गाय यांच्यात 102 पैकी फक्त दोन मण्यांचा फरक आहे. इतके ते हळू चालणारे घड्याळ. जवळचे अंतर मोजायला ते उपयोगाचे नाही. दिवसाचा काटा पाहून शंभर मीटरच्या शर्यतीची वेळ लावता येत नाही, तसेच हे.

कॅलिफोर्नियातील बर्कले येथे व्हिन्सेंट सारिच आणि मूळचे न्यूझीलंडचे ॲलन विल्सन यांनी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन निवडले. त्यांची पद्धत अशी होती. माणसाचे अल्ब्युमिन सशाला टोचायचे. सशाचे शरीर ते परके म्हणून ओळखते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे माणसाच्या अल्ब्युमिनला घट्ट धरतात. मग तीच प्रतिपिंडे चिंपांझीच्या, गोरिलाच्या, माकडांच्या अल्ब्युमिनमध्ये मिसळायची. पकड जितकी सैल, तितका फरक जास्त. हा फरक आकड्यात मोजता येतो.

पण नुसत्या फरकावरून वर्षे निघत नाहीत. किती टिकटिक म्हणजे एक वर्ष, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी वय ठाऊक असलेली एक तरी खूण हवी. रिसेक्शनलाही नकाशावरची खूण लागते, तसेच. आशिया-आफ्रिकेतील माकडे आणि एप यांच्यातील फाटा सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, यावर त्या वेळी जीवाश्मवाल्यांचेही फारसे दुमत नव्हते. सारिच आणि विल्सन यांनी ही खूण घेतली. माणूस आणि ही माकडे यांच्यातील फरकाच्या मानाने माणूस आणि चिंपांझी यांच्यातील फरक साधारण एक षष्ठांश निघाला. 3 कोटींचा सहावा भाग म्हणजे 50 लाख.

1967 मध्ये हा निष्कर्ष 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांचा फाटा फक्त 50 लाख वर्षांपूर्वीचा!

मोठा त्रिकोण

आता नकाशावर दोन रेषा होत्या आणि त्या एकमेकींपासून फार दूर होत्या. जबडा सांगत होता, दीड कोटी किंवा त्याहून जास्त. रक्त सांगत होता, 50 लाख. अशा वेळी कोणाची तरी खूण चुकलेली असते.

जीवाश्मतज्ज्ञांनी घड्याळावर बोट ठेवले. एप आणि माणूस यांच्यात हे घड्याळ मंदावले असेल, असे ते म्हणत. आक्षेप रास्त होता. उंदराच्या कुळात बदल माणसाच्या कुळापेक्षा वेगाने साचतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. उंदराची पिढी काही महिन्यांची, आपली पंचवीस-तीस वर्षांची. सगळ्यांची पावले सारख्या वेगाने पडतात असे गृहीत धरता येत नाही.

पण सारिच आणि विल्सन यांनी ही तपासणी आधीच करून ठेवली होती, आणि ती इतकी सोपी आहे की आपणही समजून घेऊ शकतो. एक त्रयस्थ घ्यायचा, जो फाट्याच्या बाहेरचा आहे, उदाहरणार्थ माकड. माकडापासून माणसाचे अंतर मोजायचे, माकडापासून चिंपांझीचे मोजायचे, गोरिलाचे मोजायचे. माकडापासून फाट्यापर्यंतचा रस्ता तिघांना सामायिक आहे. माणसाच्या वाटेवर घड्याळ मंदावले असते तर माणसाचे अंतर इतरांपेक्षा कमी भरले असते. पण तिन्ही अंतरे जवळपास सारखीच निघाली. म्हणजे फाट्यानंतर तिघेही सारख्याच गतीने चालले होते.

सारिच यांनी पुढे आणखी कडक भूमिका घेतली. सुमारे 80 लाख वर्षांहून जुना जीवाश्म दिसायला कसाही असो, तो मानवी वाटेवरचा असूच शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हाडे हातात घेऊन आयुष्य काढलेल्या लोकांना हे उद्धट वाटले यात नवल नाही. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने हाड न पाहता त्याचा निकाल लावायचा? पाठ्यपुस्तकांत रामापिथेकस आपल्या जागी राहिला. वर्षे गेली, दोन्ही बाजू आपापल्या रेषेवर ठाम होत्या.

पोटवारचा चेहरा

निकाल लागला तो जमिनीतूनच. शिवालिकचे थर पाकिस्तानातील पोटवार पठारावरही आहेत. रावळपिंडीच्या आसपासचा हा कोरडा, ओघळींनी चिरलेला मुलूख. पाकिस्तानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाबरोबर पिलबीम तिथे 1970 नंतरच्या दशकात उत्खनन करत होते. जसजसे जास्त जबडे मिळू लागले, तसतसे दिसू लागले की ते माणसाच्या कमानीसारखे गोल नाहीत. पूर्वीची कमान कशी तयार झाली होती? मूळ तुकडा एकाच बाजूचा होता आणि त्यात जबड्याचा मध्य नव्हता. दुसरी बाजू आरशातल्यासारखी उलटवून कल्पनेने जोडली होती. दोन बाजू कशा कोनात ठेवायच्या, हे जोडणाऱ्याच्या हातात होते. आणि जोडणाऱ्याला तो माणसाचा पूर्वज वाटत होता.

मग 1980 च्या सुमारास पिलबीम यांच्या तुकडीला शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा मोठा भाग सापडला. वय सुमारे 80 लाख वर्षे. आता नुसते दात नव्हते, डोळ्यांच्या खोबण्या होत्या, गालाची हाडे होती, नाकाचा भाग होता. खोबण्या उंच आणि लांबट, दोन डोळ्यांमधले अंतर अगदी कमी, बाजूने पाहिले तर चेहरा मध्ये खोलगट. ही ठेवण माणसाची नाही, चिंपांझीचीही नाही. ती ओरँगउटानची आहे. पिलबीम यांनी 1982 मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध केले.

आणि रामापिथेकस? तो शिवापिथेकसपासून वेगळा काढण्याजोगा उरलाच नाही. लहान चण, लहान सुळे असलेले शिवापिथेकस, कदाचित माद्या, एवढाच त्यांचा अर्थ होता. आज ते नाव वेगळे वापरले जात नाही. जाड कवचाचे दात ही माणसाची खास खूण नव्हती, कठीण खाणाऱ्या वेगवेगळ्या प्राण्यांत ते स्वतंत्रपणे येऊ शकतात. डाव्या वाटेवर सापडलेला मेस टिन 'ए' प्लॅटूनचा नव्हता. तो तिसऱ्याच प्लॅटूनचा होता, जी फाट्याच्या कितीतरी आधीच दुसरीकडे वळली होती.

इथे पिलबीम यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रामापिथेकसला मानवाचा पूर्वज ठरवणाऱ्या दोन प्रमुख माणसांपैकी ते एक होते. त्यांचे नाव त्यामुळेच झाले होते. तरीही विरोधी पुरावा शोधून काढला त्यांनी स्वतः, प्रसिद्ध केला त्यांनी स्वतः आणि आपण चुकलो होतो हे उघड मान्यही केले. नकाशावर पेन्सिलीने केलेली खूण रबराने पुसून दुसरीकडे करायला फारसे कष्ट लागत नाहीत. पण मागे सगळी प्लॅटून उभी असताना ते करणे किती अवघड असते, हे ज्याने कधी मार्च लीड केला आहे त्याला सांगायला नको.

मग 50 लाख बरोबर का?

घड्याळवाले जिंकले, गोष्ट संपली, असे म्हणून इथे थांबता आले असते. पण ते खरे नाही. 50 लाखांचा आकडाही पुढे सरकला.

केनियात 2000 मध्ये 'ओरोरिन' हा सुमारे 60 लाख वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आणि 2001 मध्ये चाड देशात 'साहेलँथ्रोपस' ही सुमारे 70 लाख वर्षांपूर्वीची कवटी. त्यांच्याविषयी अजून वाद आहेत, पण ते मानवी वाटेवरचे असतील तर फाटा त्यांच्याहून जुना असला पाहिजे.

दुसरी सुधारणा डीएनएकडून आली. आता सशांची गरज राहिलेली नाही, डीएनएची अक्षरे थेट वाचता येतात. 2005 मध्ये चिंपांझीचा जिनोम जाहीर झाला. समोरासमोर ठेवता येणाऱ्या अक्षरांत माणूस आणि चिंपांझी यांच्यात साधारण 1.2 टक्के फरक आहे. आणि घड्याळाचा वेग आता जीवाश्मांची मदत न घेताही मोजता येतो. आई, वडील आणि मूल अशा तिघांचे जिनोम वाचायचे आणि दोघांपैकी कोणाकडेही नसलेले, मुलात नव्याने आलेले बदल मोजायचे. 2012 मध्ये आइसलँडमधील 78 कुटुंबांवर असा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलात असे साधारण साठेक नवे बदल असतात. वर्षाच्या हिशेबात हा वेग 100 कोटी अक्षरांमागे सुमारे अर्धा बदल इतका पडतो.

वही-पेन्सिल घ्या. 100 कोटी अक्षरांत 1.2 टक्के म्हणजे 1 कोटी 20 लाख फरक. बदल दोन्ही वाटांवर झाले, म्हणून प्रत्येक वाटेवर 60 लाख. वर्षाला अर्धा या वेगाने 60 लाख बदल व्हायला लागतील 1 कोटी 20 लाख वर्षे. जीवाश्मांवरून पूर्वी काढलेला वेग याच्या दुप्पट होता, वर्षाला एक बदल. त्या वेगाने उत्तर येते 60 लाख वर्षे. वेग निम्मा धरला की काळ दुप्पट. एका आकड्यावर किती अवलंबून असते ते पाहा.

मग 1 कोटी 20 लाख हेच उत्तर मानायचे का? नाही, कारण इथे आणखी एक बारकावा आहे. समजा एका गावाची 1950 साली दोन गावे झाली. आज दोन्ही गावांतून एकेक माणूस घ्या आणि त्यांचा समान पूर्वज शोधा. तो 1950 सालचा नसणार. गाव एकत्र असतानाच वेगळ्या झालेल्या घराण्यांतले ते असतील आणि त्यांचा समान पूर्वज 1950 च्या कितीतरी आधीचा निघेल. डीएनएतील फरक त्या पूर्वजापर्यंतचा काळ मोजतो, गाव फुटल्याचा नाही. जीवजातींचेही तसेच आहे. त्यामुळे फाट्याचा काळ डीएनएच्या आकड्याहून अलीकडचा असतो. शिवाय प्राचीन एप प्राण्यांची पिढी आपल्यापेक्षा लहान असेल तर त्यांच्यातील वेगही थोडा अधिक असेल. हे सारे धरून आजचे बहुतेक अंदाज 60 लाख ते 1 कोटी वर्षे या पट्ट्यात येतात. पुस्तकातले 'सुमारे 70 लाख' हे या पट्ट्यातलेच एक बोट आहे.

प्रत्येक तारखेला तिचा त्रिकोण

आज असे फाटे हजारो जीवजातींसाठी मोजले गेले आहेत. ब्लेअर हेजेस आणि सुधीर कुमार यांनी उभारलेल्या 'टाइमट्री' या संग्रहात कोणत्याही दोन जीवांची नावे घातली की त्यांचा फाटा केव्हाचा, हे वेगवेगळ्या अभ्यासांच्या आकड्यांसह समोर येते. एका जीवाश्मावर आता कोणी विसंबत नाही. अनेक खुणा घेतात, प्रत्येक खुणेला 'यापेक्षा अलीकडचा नाही' अशी मर्यादा लावतात आणि प्रत्येक फांदीवर घड्याळाचा वेग वेगळा असू शकतो हेही हिशेबात धरतात.

हीच पद्धत रोगांच्या मागावरही वापरतात. विषाणूंचे घड्याळ फार जलद चालते, आणि तिथे खुणा म्हणजे तारीख लिहिलेले रुग्णांचे जुने नमुने. आजच्या किन्शासा शहरातील 1959 आणि 1960 चे असे दोन नमुने वापरून 2008 मध्ये एचआयव्हीच्या जगभर पसरलेल्या गटाचा उगम मोजण्यात आला. उत्तर आले 1908 च्या आसपास, आणि पट्टा 1884 ते 1924. रोगाचे नाव जगाला कळण्याआधी सुमारे सत्तर वर्षे तो माणसांत होता.

नुसते '1908' लिहिणे सोपे होते. पण पट्टा दिला आहे म्हणून त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो. पुढे कुठेही 'इतक्या कोटी वर्षांपूर्वी' असे वाचलेत तर रिसेक्शनचेच प्रश्न विचारा. खुणा कोणत्या घेतल्या? त्या नक्की ओळखल्या आहेत ना? आणि त्रिकोण केवढा आहे? हे विचारणे म्हणजे विज्ञानावर अविश्वास दाखवणे नव्हे. विज्ञान याच प्रश्नांवर चालते.

हरितल्यांगरच्या त्या तुकड्याचे शेवटी काय झाले? तो फुकट गेला नाही. त्याची खरी ओळख पटल्यावर ओरँगउटानच्या वाटेवर शिवापिथेकस हा एक भक्कम मैलाचा दगड ठरला. त्याचे जुने अवशेष 1 कोटी 20 लाख वर्षांच्या पलीकडचे आहेत, म्हणजे ओरँगउटानची वाट आपल्या आणि चिंपांझीच्या सामायिक वाटेपासून त्याआधीच वेगळी झालेली असणार. आज एप प्राण्यांचे घड्याळ लावताना शास्त्रज्ञ ज्या खुणा घेतात, त्यांत शिवालिकचा हा एप असतो. ज्या खुणेने एकेकाळी सगळ्यांची दिशा चुकवली, तिच्यावरूनच आता बेअरिंग घेतले जाते.